चेहऱ्यावर नसलेले ठिपके

निगेटिव्हवर ठिपके होते आणि मुलीच्या चेहऱ्यावर नव्हते. सकाळपासून आमच्या स्टुडिओत यावरूनच वाद चालला होता.

"फिल्टरच खराब आहे," बापूसाहेब म्हणाले. ते मालक. "त्या एजंटाला बोलवा. गळ्यात मारून गेला."

"फिल्टरवर डाग असता तर असा उमटला नसता," मी म्हटलं.

"मग धूळ असेल."

"धूळ फक्त चेहऱ्यावर बसली? साडीवर एक ठिपका नाही. मागच्या पडद्यावर नाही."

"वत्सलाबाई, पेन्सिल घ्या आणि बुजवून टाका. तुमचं कामच ते आहे."

माझं काम तेच होतं. गिरगावातल्या त्या स्टुडिओत मी रिटचिंग करत असे, आणि बायकांना पुरुषासमोर अवघडायला होतं म्हणून त्यांचे फोटोही मीच काढत असे. रिटचिंग म्हणजे निगेटिव्हची दुरुस्ती. निगेटिव्हवर सगळं उलटं असतं. गोरं काळं दिसतं, काळं पांढरं. चेहऱ्यावरचा मुरूम किंवा डाग तिथे पारदर्शक टिंबासारखा येतो. त्या टिंबात टोकदार पेन्सिलीने शिसं भरलं की छापताना डाग नाहीसा होतो. गिरगावातल्या कितीतरी नवऱ्यामुलींचे मुरूम मी असे घालवले आहेत. त्यामुळे टिंबं मला ओळखता येतात. मुरमाचं टिंब गोल असतं. देवीच्या जुन्या वणाला एका बाजूने सावली असते.

हे ठिपके त्यातले नव्हते. सपाट होते, कडा धूसर. कपाळावर दाट, गालांवर विरळ. मांडीवर ठेवलेल्या हातांवर, मनगटापाशीही होते. मुलीचे आम्ही तीन फोटो घेतले होते, एक समोरून, एक किंचित वळून, एक बाजूने. तिन्ही निगेटिव्ह मी खिडकीच्या उजेडात एकीशेजारी एक धरल्या. चेहरा वळला होता तसे ठिपकेही त्याच्याबरोबर वळले होते.

धूळ मान वळवत नाही. मी पेन्सिल खाली ठेवली.

त्या फिल्टरबद्दल आधी सांगते. लेन्सच्या तोंडावर बसवायची ती एक साधी काच. रंग नाही, काही नाही. फोर्टातला एजंट सोबत गुळगुळीत कागदावरचं पत्रक ठेवून गेला होता. सूर्यप्रकाशात आपल्याला न दिसणारा एक प्रकाश असतो, अल्ट्राव्हायोलेट, म्हणजेच यूव्ही. डोळ्यांना तो दिसत नाही, फिल्मला दिसतो. त्यामुळे फोटोवर पडदा आल्यासारखं होतं. ही काच तो प्रकाश अडवते, आणि मग फोटोत नेमकं तेच येतं जे डोळा बघतो. पत्रकाचा दावा असा. बापूसाहेबांनी तो वाचून काच घेतली, आणि घेतल्यापासून गिऱ्हाइकांच्या फोटोंसाठी ती लेन्सवरून काढली नव्हती.

मला विकणाऱ्याच्या शब्दावर विश्वास ठेवायची सवय नाही. काच आली त्याच आठवड्यात मी गच्चीवर जाऊन परळकडच्या गिरण्यांच्या चिमण्यांचे दोन फोटो घेतले होते, एक फिल्टर लावून, एक न लावता. दोन्हींत चिमण्या सारख्याच धुरकट आल्या. साहजिक आहे. तो धूर होता. धुराला काच काय करणार? स्टुडिओत तर आम्ही बल्बवर काम करायचो, आणि बल्बच्या उजेडात हा प्रकाश नावालाच असतो. जो थोडा असतो त्यातला बराचसा लेन्सची जाड भिंगंच खाऊन टाकतात. हे मी बापूसाहेबांना सांगितलं तेव्हा ते म्हणाले, "तुम्ही कशालाच चांगलं म्हणत नाही."

असो. ठिपक्यांचा निकाल लावायचा तर मुलीला परत बोलवायला हवं होतं. मी तिच्या वडिलांना निरोप धाडला की फिल्म बिघडली, पुन्हा बसावं लागेल, पैसे पडणार नाहीत.

मुलगी सुमन. परळच्या एका चाळीतली. वडील गंगाराम, गिरणीत साचेवाले, म्हणजे मागावर काम करणारे. या लोकांनी नुकतीच बौद्ध धर्माची दीक्षा घेतली होती. घरातले देव फळीवरून उतरवून समुद्रात सोडले होते. सुमनचं लग्न रविवारी होतं. नव्या पद्धतीने, बुद्धवंदना म्हणून होणारं त्यांच्या चाळीतलं पहिलं लग्न. नायगाव, वरळी, काळाचौकी, सगळीकडून माणसं यायची होती. मुलगी सासरी जायच्या आधीचा तिचा एकटीचा फोटो गंगारामना घरात लावायचा होता, त्या रिकाम्या फळीवर.

गुरुवारी दुपारी बापलेक आले. या खेपेस मी तिला गच्चीवर बसवलं, उघड्या उजेडात. अल्ट्राव्हायोलेट असलाच तर तिथे भरपूर असणार. ऊन रणरणत होतं. सुमनने पदर दोन्ही खांद्यांवरून घट्ट लपेटून घेतला होता.

"थंडी वाजतेय का गं?"

"नाही, बाई."

"मग पदर जरा सैल कर. फोटोत गाठोडं दिसशील."

ती हसली. पदर सैल केला. दंडावर काटा आलेला मला दिसला.

मोठ्या कॅमेऱ्याच्या मागे एक दुधी काच असते. डोक्यावरून काळं कापड घेऊन तिच्यात बघायचं. चित्र उलटं दिसतं, डोकं खाली. मी सुमनचा चेहरा त्या काचेवर नेमका केला आणि भिंग लावून कपाळ तपासलं. स्वच्छ. गाल स्वच्छ. मनगटं स्वच्छ. मी कापडातून बाहेर आले, तिच्याजवळ गेले आणि तसंच भिंग लावून पुन्हा पाहिलं.

"माझ्याकडे असं काय बघताय?" ती हळूच म्हणाली.

"पावडर जास्त झालीय का बघते."

"पावडर लावलीच नाही आज."

एक फोटो फिल्टर लावून घेतला, एक काढून. मग माझ्या मनात आलं म्हणून तिसरा वेगळ्या फिल्मवर घेतला. आमची नेहमीची स्वस्त फिल्म लाल रंगाला आंधळी असते. लाल तिला काळं दिसतं. म्हणून तर ती लाल बल्बच्या उजेडात धुता येते. दुसरी, महाग फिल्म लालही ओळखते. तिच्यापुढे नारिंगी काच लावली की कातडीवरची लाली फोटोत विरघळून जाते. गोऱ्या साहेबांच्या मडमांसाठी पूर्वी हे करत.

ते गेल्यावर मी डार्करूमचं दार लावून घेतलं. पहिल्या दोन फिल्म लाल उजेडात ट्रेमध्ये टाकल्या आणि ट्रे हलवत राहिले. आधी साडी उमटली, मग चेहऱ्याची कड, मग केसांची मोकळी जागा. सुमन पाण्याखालून माझ्याकडे बघत होती. आणि कपाळावर ठिपके एकामागून एक उघडत गेले. आधीच्यापेक्षा जास्त होते. हनुवटीवर आधी नव्हते, आज होते.

मी ट्रे हलवायची थांबले. हे काम शिकल्यापासून असं पहिल्यांदाच झालं.

फिल्टर लावलेल्या आणि न लावलेल्या निगेटिव्हमध्ये फरक म्हणाल तर केसाएवढा. लावलेलीत ठिपके जरासे फिकट, तेही शेजारी ठेवून पाहिल्यावर. तिसरी, नारिंगी काचेची, मी अंधारात धुतली. तिच्यात एकही ठिपका नव्हता. चेहरा कसा घासून पुसून ठेवल्यासारखा.

बापूसाहेब खूश झाले. "हीच छापा. झालं काम."

"बापूसाहेब, नारिंगी काचेने ठिपके गेले. म्हणजे ते लाल आहेत. म्हणजे ते काचेवर नाहीत, फिल्मवर नाहीत, त्या मुलीच्या कातडीत आहेत. आपल्या डोळ्यांना दिसण्याइतके अजून वर आलेले नाहीत, एवढंच."

"काहीतरीच. कातडीत काय आहे?"

मी ठिपक्यांची निगेटिव्ह त्यांच्या हातात दिली. त्या वर्षी शहरात देवीचे रोगी निघतच होते. बापूसाहेबांनी निगेटिव्ह टेबलावर ठेवली आणि हात धोतराला पुसला.

"रविवारी लग्न आहे," मी म्हटलं. "शेकडो माणसं एका मांडवात जेवणार."

"तुम्ही काय डॉक्टर आहात? उद्या काही निघालं नाही तर? फोटोवाल्यांनी मुलीचं लग्न मोडलं म्हणून लोक स्टुडिओला दगड मारतील."

"मारू देत. उद्या सकाळी जाऊन सांगते."

"उद्या हरताळ आहे."

"चालत जाईन."

संयुक्त महाराष्ट्राच्या चळवळीत हरताळ नवीन राहिला नव्हता. पण गिरगावातून परळपर्यंत हरताळाच्या दिवशी मी पहिल्यांदाच चालले. ट्रामचे रूळ उन्हात चकाकत होते, त्यांवर ट्राम नव्हती. दुकानांच्या फळ्या बंद. लालबागला पोचले तरी गिरण्यांची घरघर नाही. एरवी ती ऐकू येते हेसुद्धा लक्षात येत नाही. ती थांबल्यावर स्वतःच्या चपलांचा आवाज मागून कोणीतरी येत असल्यासारखा वाटायला लागला. एका भिंतीवर डांबराने घोषणा लिहिलेली होती, डांबर अजून ओलं होतं आणि लिहिणारा कुठे दिसत नव्हता. रस्त्यात दगड मांडून ठेवले होते. पिशवीत माझ्याजवळ दोन प्रिंट होत्या, एक ठिपक्यांची, एक स्वच्छ.

गंगारामांच्या खोलीत मंडपाची दोरखंडं पडलेली होती. सुमन भिंतीशी घडी घातल्यासारखी बसली होती. तिची आई चुलीपाशी होती, कोपऱ्यात गंगारामांची म्हातारी आत्या. मी इकडचं तिकडचं न बोलता प्रिंट पुढे केल्या आणि सगळं सांगितलं.

गंगाराम ठिपक्यांच्या फोटोकडे बराच वेळ बघत राहिले. मग सुमनच्या चेहऱ्याकडे. मग पुन्हा फोटोकडे.

"हिच्या तोंडावर तर काय नाय."

"अजून नाही."

आत्या सरपटत पुढे आली. तिने फोटो डोळ्यांजवळ नेला. तिची नजर चांगली नसावी, पण तिला जे बघायचं होतं ते दिसलं. तिने फोटो जमिनीवर ठेवला, त्याच्यासमोर हात जोडले आणि हळूच म्हणाली, "आली."



"म्हटलं हुतं, फळी रिकामी नका ठेवू. तिची जागा ती मागणारच."

"आत्ये, हात खाली घे," गंगाराम म्हणाले. आवाज चढला नव्हता, पण सुमनची आई दाराशी जाऊन उभी राहिली, बाहेर कोणी ऐकतंय का बघायला.

मग ते माझ्याकडे वळले. "बघितलंत, बाई? घरातल्या घरात हे. आता मी लग्न थांबवलं तर चाळ काय म्हणेल? देव बुडवले, देवी आली. पहिलंच लग्न आमचं. उद्या दुसरा कोण करील असं? ज्यांना आम्ही घराबाहेर काढलं त्यांना तुमच्या फोटोतून परत आत घेऊ?"

"मी देवी म्हणत नाहीये, गंगारामराव. मी डॉक्टर म्हणतेय. दवाखान्याला हरताळ नसतो. डॉक्टरांना आणा. ते नाही म्हणाले तर मी तुमची माफी मागेन आणि रविवारी लग्नाचे फोटो फुकट काढेन."

"आणि हो म्हणाले तर?"

"तर मांडवात काय शिरलं असतं याचा विचार करा."

  तेवढ्यात सुमन बोलली.

"बाबा, मला ताप आहे."

"कधीपासून?"

"फोटो काढायला पहिल्यांदा गेलो त्याच्या आदल्या दिवसापासून. गोळी घेत होते. कंबर मोडून पडलीय. तुम्ही मांडव सांगितलाय, माणसं सांगितलीत, म्हणून नाही बोलले."

"अगं, मग मला तरी सांगायचं!" आई दारातून म्हणाली.

"तू रडली असतीस."

गंगाराम उठले, सदरा चढवला आणि डॉक्टरांना आणायला गेले.

म्युनिसिपालिटीच्या दवाखान्यातले डॉक्टर घामाघूम होऊन आले. माझी प्रिंट त्यांनी हातात घेऊन परत दिली. "मी फोटोवर रोग ठरवत नाही, बाई." मग सुमनला खिडकीशी बसवलं, दंडावरची लहानपणीची टोचल्याची खूण बघितली आणि तोंड उघडायला सांगितलं. टॉर्च लावून टाळू पाहिली, जीभ पाहिली. बराच वेळ पाहिली.

टॉर्च बंद करून ते गंगारामना म्हणाले, "कातडीवर यायच्या आधी तोंडात येतात. आलेत."

"देवीच?" गंगारामनी विचारलं. आणि स्वतःच म्हणाले, "रोग. रोगच ना?"

"रोगच. टोचलेली आहे, बहुतेक निभावेल. पण तिला आता न्यायला हवं. आणि चाळीतल्या सगळ्यांना टोचायचं, आजच्या आज." मग माझ्याकडे वळून, "तुम्हालाही. आणि तुमच्या स्टुडिओत हिच्याजवळ जो कोणी गेला असेल त्याला."

अँब्युलन्स आली तेव्हा रस्त्यातले दगड हरताळवाल्या पोरांनी स्वतः बाजूला केले. सुमन चालत जिना उतरली. ती पुढे जाईल तसतशी गॅलरीतली दारं एकेक करून लागत गेली. आपटली नाहीत, हळू लागली. कड्यांचे आवाज तेवढे. आपल्याच घरातून ती अशी गेली, बंद दारांच्या रांगेतून, आणि तिचा चेहरा तेव्हाही अगदी स्वच्छ होता.

दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत तो स्वच्छ राहिला नाही. हे मला गंगारामनी नंतर सांगितलं.

रविवारचं लग्न झालं नाही. मांडवाचे बांबू परत गेले. टोचणारे आले, रांग लागली. बापूसाहेबांनी बाही वर करण्याआधी दोनदा विचारलं की फोटो काढताना ते खाली गल्ल्यावर होते हे धरलं जाईल की नाही. नाही धरलं.

आत्या मात्र टोचणाऱ्यांना सापडली नाही. ती शेजारच्या चाळीत कोणाच्या तरी माळ्यावर जाऊन बसली होती. पुढच्या पंधरवड्यात तिला तापाने गाठलं. ती वाचली नाही. चाळीत आणखी एकाला झालं, ते हलकं गेलं. बाकी कोणालाही नाही.

"लोक म्हणतात देवीने आत्येला नेलं," गंगाराम उरलेले पैसे द्यायला आले तेव्हा म्हणाले. मी घेतले नाहीत. "मी म्हणतो, तिने टोचून घेतलं नाही. मी म्हणत राहणार. काय करता?"

सुमन बरी झाली. पावसाळ्यानंतर लग्न झालं, ठरलं होतं त्याच पद्धतीने आणि त्याच मुलाशी. लग्नानंतर ती नवऱ्याला घेऊन स्टुडिओत आली. चेहऱ्यावर वण होते, उथळ. कपाळावर दाट, गालांवर विरळ, हनुवटीवर थोडे. मला निगेटिव्ह काढून बघायची गरज नव्हती.

"बाई, तो माझा फोटो आहे का? बाबांना हवाय."

"कुठला?"

"चांगला आलेला. डागांशिवायचा."

मी नारिंगी काचेच्या निगेटिव्हची मोठी प्रिंट करून दिली. ती हातात घेऊन ती आरशासमोर गेली, एकदा फोटोत बघितलं, एकदा आरशात.

"ह्यात मी बरी होते ना? म्हणजे, आजारी नव्हते?"

"नाही. तेव्हा ताप चढलेला होता तुला. कातडीत सगळं होतं."

"दिसत नाही."

"नाही दिसत."

तो फोटो त्यांच्या घरात फळीवर आहे. येणारा जाणारा म्हणतो, किती नितळ मुलगी. मी एकदा गेले होते, तेव्हा मी त्याच्याकडे पाठ करून बसले.

मी डॉक्टर नाही. फिल्मने रोग आधी पाहिला असं मी कुठे छातीठोक सांगत नाही. डॉक्टरांनी टॉर्चने पाहिलं तेच खरं. पण ठिपक्यांच्या पाच निगेटिव्ह माझ्याजवळ होत्या आणि त्यांतल्या ठिपक्यांना मी दुसरं काही म्हणू शकत नाही.

यूव्ही फिल्टर चालतो का, असं अजून हौशी फोटोवाले विचारतात. मी सांगते, घ्या. लेन्सवर बोटं उमटत नाहीत, समुद्राची खारट हवा लागत नाही. डोळ्यासारखं दाखवण्याची आशा ठेवू नका. आमच्या काचेने तो दावा पुरा केला असता तर निगेटिव्ह स्वच्छ आली असती, मी ती छापून दिली असती, आणि रविवारी परळला लग्न लागलं असतं.

माझ्यापुरती एक सवय मात्र बदलली. निगेटिव्हवर ओळखू न येणारा ठिपका दिसला की पेन्सिलीला हात लावायच्या आधी मी गिऱ्हाइकाला विचारते, अंगात कसकस आहे का? लोक हसतात. हसले की मी पेन्सिल घेते.